सोनाराच्या पाच पायऱ्या

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक उतावळा सोनार होता. हात मोठा कसबी, पण बूड बैठकीवरून हलेना. प्यायचं पाणीसुद्धा तो जागेवर मागवी.

डोंगरावर देवीचं देऊळ होतं. जत्रेच्या दिवशी सोनाराने तिचा मुकुट डोक्यावर घेऊन दोनशे पायऱ्या चढायच्या, अशी पिढ्यांची रीत. वाटेत थांबलं तरी चाले. पण मुकुट खाली टेकला, की मान दुसऱ्या घराण्याकडे. गेल्या वर्षी सोनाराला शेवटी दोघांनी काखेत धरून वर नेलं होतं. यंदा पंचांनी बजावलं, की कोणी हात लावायचा नाही.

तेव्हापासून त्याची झोप उडाली. जत्रेला पन्नास दिवस उरले होते. त्याने वैद्याकडे ताकदीचं चूर्ण मागितलं, तर वैद्य म्हणाले, रोज थोडं चाला. हे 'थोडं' काही सोनाराला सोसेना. दुसऱ्याच सकाळी तो धावत डोंगर चढायला लागला, निम्म्यात कोसळला आणि चौघांनी त्याला उचलून घरी आणलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. याच्या गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांधावा लागला. दहा दिवस तो अंथरुणात तळमळला. बापजाद्यांचा मान आपल्या हातून जाणार, या विचाराने त्याला रडू येई.

मग एकदाचा लंगडत दुकानात आला, तर दारात झारेकरीण बसलेली. दुकानातला केर धुऊन त्यातलं सोनं वेचायचं, हा तिचा धंदा. सोनार तिच्यावरच खेकसला, की या मातीत तुला मिळतं तरी काय?

तिने ओलं बोट पुढे केलं. त्यावर मोहरीहून बारीक कण चमकत होता.

"एका दिवसाला एवढंच गावतं, दादा. म्हणून मी रोज येते. तुमच्या पायांना मात्र सगळं आजच पाहिजे."

सोनाराला ते बोचलं, कारण ते खरं होतं. त्या संध्याकाळी तो पाच पायऱ्या चढला आणि परतला. पाय शिवशिवत होते, मन पुढे धावत होतं, लोक हसत होते. दुसऱ्या दिवशी दहा चढला, तिसऱ्या दिवशी पंधरा. अशा रोज पाच वाढत गेल्या. मधे दोन दिवस तापात गेले. जत्रा आली तेव्हा त्याची मजल एकशे नव्वदपर्यंत पोचली होती.

त्या दिवशी एकशे नव्वद पायऱ्या तो शांतपणे चढला. उरलेल्या दहा पाहून मात्र एका दमात पळत सुटावं, असं वाटलं. मुकुट डोक्यावर हलला. सोनार थांबला आणि श्वास घेऊन पुटपुटला, "आजच्या पाच."

पाच चढला. पुन्हा थांबला.

"आता उद्याच्या पाच."

देवीच्या मस्तकी मुकुट चढला, तेव्हा सोनाराचे डोळे भरून आले होते. हात कोणीही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी झारेकरीण आली, तर दुकान बंद. जत्रा झाली, मान राहिला, आता हा गेला कुठे? तिने डोंगराकडे पाहिलं. सोनार पायऱ्या चढत होता.

तात्पर्य: सोनं असो की शरीर, रोज कणभर वेचणाऱ्याचंच साठतं.