शिळेला येणारा हत्ती

झाडं बोलायची, तेव्हाची गोष्ट. रानात कुणाला कसं बोलवायचं, ते कासवआजोबा पाटीवर लिहून ठेवत. ‘शीळ घाला, हत्ती येऊन ओझं उचलेल.’

एकदा आजोबाच ओंडक्याखाली सापडले. जीव घुसमटला, तशी त्यांनी शीळ घातली. आलं दरवेशाकडून पळालेलं अस्वल, आणि लागलं की ओंडक्यावर नाचायला!

“अरे हत्ती, नाचतोस काय? सोंड लाव!”

“मी अस्वल आहे, आजोबा. हत्ती कधीच रान सोडून गेला. मला शीळ ऐकली की नाचल्याशिवाय राहवत नाही.”

“पाटीवर हत्ती लिहिलंय!”

“मग पाटीलाच सांगा उचलायला.”

नाचानं ओंडका घरंगळला, म्हणून आजोबा वाचले. ते तसेच सरपटत पाटीकडे गेले.

आता तिथं लिहिलंय, ‘शिळेला अस्वल येतं आणि नाचतं. ओंडक्याखाली असाल तर शीळ घालू नका.’