तान्ह्याचं वळण

चांदसरहून रेणापेठेला जाणारा महामार्ग विमानतळाजवळ सुतासारखा सरळ होतो. पण त्याच्या थोडं आधी, बोडक्या टेकडीपाशी, तो एकाएकी डावीकडे वळतो, टेकडीच्या पाठीमागून फिरून येतो आणि मगच धावपट्टीच्या कुंपणाला लागतो. टेकडी बुटकी आहे. उजवीकडे मोकळा माळ आहे, रस्ता तिकडून सहज गेला असता. चार पदरी झाला तेव्हाही हा वळसा तसाच राहिला.

वळणावर चहाची टपरी आहे. विमानाच्या घाईतली एखादी गाडी तिथं येऊन थांबते. आतली बाई मुलाला पदराखाली घेते आणि तिचा नवरा घड्याळ बघत ड्रायव्हरवर डाफरतो. ड्रायव्हर ढिम्म हलत नाही.

"साहेब, विमान दुसरं मिळंल. रडतं पोर घेऊन मी हे वळण वलांडणार न्हाई."

मग टपरीवरचे रखमाजीबाबा त्या माणसाला बाकावर बसवून घेतात. "च्या घ्या. पोराला घाई नसती, घाई आपल्याला," म्हणतात, आणि सांगू लागतात.

फार पूर्वी रेणापेठेच्या गढीत सुभानराव नावाचा सरदार होता, म्हणे. त्याला चांदसरच्या बाजारापर्यंत गाडीवाट हवी होती. वाट आखायची त्या काळी एक रीत होती. जिथं पोचायचं तिथं वासरू बांधायचं आणि जिथून निघायचं तिथून त्याची गाय सोडायची. वासराच्या ओढीनं गाय जवळची वाट धरते, चढ टाळते, ओढ्याला बरोबर उतार शोधते. तिच्या मागून एक माणूस चुन्याची फक्की टाकत जायचा. फक्की पडली तो रस्ता. गाईला वाटेत कुणी हात लावायचा नाही. आणि ती पोचेपर्यंत वासराला थेंबभर दूध द्यायचं नाही. दुसरीचं दूध प्यालं की आईची ओढ तुटते, असं मानत.

सुभानरावानं दोनदा गाय सोडून पाहिली. आपल्या शेतातून रस्ता जाऊ नये म्हणून लोकांनी हिरवं कडवळ दाखवून तिला भलतीकडेच वळवलं. दुसऱ्या वेळी तर फक्की एका कोष्ट्याच्या परसात जाऊन संपली. गावोगाव लोक पोट धरून हसले. सुभानराव हसला नाही.

"चाऱ्याला भुलणार नाही अशी आई आणा," तो म्हणाला.

ती कारभारी विसाजीनं आणली. चांदसरला खडी फोडणाऱ्यांची पालं पडली होती. त्यातली राही नुकती बाळंत झालेली होती. शिपायांनी तिच्या मांडीवरचा मुलगा उचलला आणि घोड्यावरून रेणापेठेला नेला. फक्की टाकायला तिचाच नवरा नेमला. हणमा त्याचं नाव.

"तिच्या मागं चालायची तुला सवय असंलच की रं," विसाजी म्हणाला. शिपाई हसले. हणमानं खाली बघून चुन्याची पाटी डोक्यावर घेतली.

राहीला कडवळ कोण दाखवणार? ती चालू लागली ती थेट. बाभळबनातून गेली, ओढ्यात उतरली, काळ्या रानातून गेली. लोक बांधावर येऊन गुपचूप उभे राहत. तिच्या चोळीवर दुधाचे डाग पडायचे, वाळायचे, पुन्हा पडायचे. हणमा ते मागून बघत होता आणि मूठमूठ चुना टाकत होता.

"अवो," ती मागं न बघता विचारायची, "पाजलं असंल का वो कुणी त्याला?"

"पाजलं असंल," हणमा म्हणायचा. "गढीत बाया काय कमी हायत?"

बाया होत्या. दोघी-तिघी लेकुरवाळ्याही होत्या. पण मुलाला कुणी घ्यायचं नाही, असा सुभानरावाचा हुकूम होता. जी रीत वासराची, तीच त्याची. मूल देवडीवर रडत राहिलं. मग रडायचं थांबलं.

दुसऱ्या मुक्कामावरून निघताना स्वार निरोप घेऊन आला. विसाजीनं हणमाला बाजूला घेतलं. "तुझं पोर गेलं. तिला कळलं तर ती इथंच बसंल आणि रस्ता अर्धा राहील. तोंड उघडलंस तर तुलाही तिच्या शेजारी बसवीन, कायमचा."

हणमा भ्याला, हे खरं. पण नुसत्या भीतीनं तो गप्प राहिला नाही, असं सांगतात. ती चालत होती तोवर तिचं लेकरू जिवंत होतं. ते तिच्या हातून काढून कसं घ्यायचं, हे त्याला कळेना. तो फक्की टाकत राहिला. त्या दिवशी राहीनं विचारलं, "आज तुम्ही बोलंनात का?" त्यावर त्यानं चुना नाकात गेल्याचं सांगितलं.

बोडक्या टेकडीशी आले आणि टेकडीमागून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं. राही थबकली. तिची चोळी भिजली. ती डावीकडे वळली आणि धावत सुटली. शिपाई अडवायला निघाले, तसं विसाजीनं हटकलं, "हात लावू नका! पाऊल पडंल तिथं फक्की." हणमा तिच्यामागे पळत फक्की टाकत गेला. तो वळसा त्या वेळी पडला.

टेकडीमागं धनगरांचा वाडा उतरला होता. बाभळीला झोळी टांगलेली होती. धुरपा नावाची धनगरीण पाण्याला गेली होती आणि तिची मुलगी भुकेनं कळवळत होती. राहीनं झोळीत हात घातला. तोंड पाहिलं. आपलं नव्हे, हे तिला दिसलं, तरी तिनं मुलीला छातीशी धरलं.

धुरपा घागर घेऊन परत आली आणि बघतच उभी राहिली. "पिऊ दे बाई," एवढंच म्हणाली.

मुलगी पिऊन झोपली, तेव्हा राहीनं हणमाकडे पाहिलं. "आपलं पाजलंय ना वो कुणी?"

हणमाला या वेळी खोटं बोलता आलं नाही. "न्हाई," तो म्हणाला. "आपलं गेलं, राही. सकाळीच सांगावा आला."

ती रडली नाही. तिथंच बाभळीखाली बसली. विसाजीनं आधी दरडावलं, मग चाबूक दाखवला. ती उठेना. तेव्हा त्यानं शिपायाला खूण केली. शिपायानं धुरपाची मुलगी राहीच्या मांडीवरून उचलली आणि घोडा रेणापेठेकडे पिटाळला.

"हिलाबी रीत तीच," विसाजी म्हणाला. "आता बस, किती बसतीस ते."

धुरपा किंचाळली. राही मात्र उठली. त्या मुलीच्या पोटात आपलं दूध किती वेळ पुरेल, हे तिला ठाऊक होतं. ती निघाली ती पाण्याला थांबली नाही, सावलीला थांबली नाही. धुरपा तिच्यामागे आणि हणमा दोघींच्या मागे. टेकडीपासून गढीपर्यंतची फक्की सुतासारखी पडली. विमानतळापुढचा सरळ रस्ता तो हाच.

देवडीवर मुलगी रडत होती. राहीनं तिला उचललं आणि धुरपाच्या ओटीत घातलं. मग ती भिंतीला टेकून बसली. "आपलं कुठं पुरलं?" तिनं हणमाला विचारलं. हणमा विचारायला आत गेला. कुणाला नीट आठवत नव्हतं. तो बाहेर आला तेव्हा राही तशीच टेकून होती, पण गेली होती.

रस्ता झाला. गाड्या धावल्या. सुभानरावाला कसला शाप लागला नाही की कुष्ठ झालं नाही. तो म्हातारा होऊन आपल्या बिछान्यावर मेला. ऐकणारा माणूस इथं हटकून विचारतो, "मग त्याला काहीच झालं नाही?" रखमाजीबाबा मान हलवतात. "न्हाई."

हणमा माघारी आला आणि टेकडीमागच्या बाभळीखाली खडी फोडत राहिला. येणाऱ्या गाडीत मूल रडताना ऐकलं की तो बैलांपुढे आडवा पडायचा. "आधी पाजा," म्हणायचा. "मग जावा." त्याला लाथा बसल्या, चाबूक बसले. तो मेल्यावर गाडीवान आपणहून थांबू लागले.

आजही थांबतात. डोक्यावरून विमान निघून जातं, तरी थांबतात. रस्त्याच्या कडेला आता पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला आहे. आसपासच्या बायका त्याला अजून फक्कीच म्हणतात. मूल पिऊन झोपलं की त्याला खांद्यावर घेऊन गाडीकडे येतात आणि त्या पट्ट्यावर पाय पडू न देता तो ओलांडतात.