दार आणि कपाटाचा पत्रा

फार वर्षांमागची गोष्ट. वेंगुर्ल्यात दामोदर पेडणेकरांच्या पडवीत एक जुनी मोटार उभी होती. खाऱ्या वाऱ्याने तिचं डावं दार खालून गंजलं होतं. पण त्याला एकच ओढ होती, पुन्हा घाटाच्या रस्त्याला लागायची.

एके दिवशी पेडणेकर ग्राइंडर घेऊन आले, तसं दार काकुळतीला आलं. ते ग्राइंडरला म्हणालं, "मला कापू नकोस रे. वरून नुसता रंग लागू दे, म्हणजे लगेच निघता येईल."

"रंगाखाली गंज तुला खातच राहील," ग्राइंडर म्हणाला.

"मग माझं उरणार किती?"

"जेवढं धड आहे, तेवढं."

गंजलेला भाग कापून निघाला. त्या जागी पेडणेकरांनी एका मोडक्या लोखंडी कपाटाचा पत्रा बेतून वेल्डिंगने जोडला. याला रस्त्याचं काय ठाऊक, असं म्हणून दार त्याच्याशी बोलेना.

शेवटी पत्र्यानेच हळूच विचारलं, "मी कपाटाची पाठ होतो. जन्मभर भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. रस्ता कसा असतो हो?"

दाराला गलबलून आलं. आपण रस्त्यासाठी इतके झुरलो, आणि याने तर तो पाहिलाही नाही. मग ते सांगत बसलं, वळणावर वारा कसा अंगावर येतो, करवंदीच्या जाळ्या कशा घासून जातात.

रंग वाळला आणि मोटार घाटाला लागली. पहिल्याच वळणावर वारा आला. दार काही सांगणार होतं, पण आता वाराच सांगत होता. पत्रा ऐकत होता.