सुलतानची लेक

"मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर, बाबा? तेवढं सांगा, म्हणजे मी जाते."

सुगंधा फकिराच्या तकियाच्या पायरीवर उभी राहूनच विचारत होती. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. हातात झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा होता आणि तो तिनं पोटाशी धरला होता.

आत चटईवर मस्तानबाबा बसले होते. त्यांनी मान वर केली.

"आत ये, बेटी. बस."

"बसायला नाही आले."

"चहा घेशील?"

"चहा प्यायलाही नाही आले."

बाबांनी आग्रह केला नाही. फकीर माणूस, कुणी रागावलं तर त्यांना वाईट वाटत नसे. बरंच वाटत असे, असं त्यांचे चेले सांगतात. चेल्यांचं काय, ते काहीही सांगतात.

शहराबाहेरच्या या तकियात बाबा पाली पाळत. पूर्वी लोक त्यावरून त्यांची टिंगल करायचे. पण या भिंतीवरच्या पाली नव्हेत, लेपर्ड गेको. जाड शेपटीच्या, बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या आणि आपल्यासारख्या पापण्या मिटून झोपणाऱ्या. डोंगरकपारीतून धरून आणलेली एकही नाही. सगळ्या माणसाच्या हाती जन्मलेल्या. पुढे शहरातल्या लोकांनाच या पालींचं वेड लागलं आणि कालचे टिंगलखोर हात जोडून शिकायला येऊ लागले.

त्यातला सगळ्यांत हुशार चेला कौस्तुभ गुंजाळ. शहरात या पालींच्या पैदाशीचा त्याचा मोठा धंदा होता. दर मोसमाची नवी पिल्लं तो आधी तकियात आणायचा, बाबा एकेका डब्यावर हात ठेवायचे आणि मग कौस्तुभ त्यावर चिठ्ठी चिकटवायचा: 'बाबांच्या नजरेखालची पैदास'. त्या चिठ्ठीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत.

सुगंधाच्या डब्यावर तीच चिठ्ठी होती.

आणि कौस्तुभही त्या दिवशी तिथेच होता, नव्या मोसमाचे डबे चटईवर मांडून. बरोबर सुलतानलाही आणलं होतं. सुलतान म्हणजे त्याचा नावाजलेला नर. पांढऱ्या अंगावर शाई शिंपडावी तसे ठिपके. बाबांच्या मांडीवर बसवून त्याचा फोटो काढायचा बेत होता.

सुगंधानं डबा उघडला.

"ही ठमी. या तुमच्या चेल्याकडून घेतली. तुमच्या नावावर घेतली."

ठमी मान एका बाजूला वाकडी करून छताकडे बघत होती. मग स्वतःभोवती फिरू लागली. फिरली, थांबली, परत फिरली. सुगंधानं चिमट्यात अळी धरून पुढे केली. ठमीनं झडप घातली... अळीच्या शेजारी.

बाबांनी डोळे बारीक केले.

कौस्तुभ उठून आला. आवाज गोड होता.

"ताई, ऊब कमी पडली असणार. घरात ठेवताना लोक चुका करतात."

"एका बाजूला ऊब आहे, दुसऱ्या बाजूला गारवा. लपायला ओलसर कोपरा आहे. अळ्यांना कॅल्शियमची पूड लावते. बोटं बघा तिची. कात अडकलेली दिसते कुठे?"

कौस्तुभनं बघितलं. दिसली नाही.

"शेपूट बघा."

शेपूट चांगली गुबगुबीत होती.

"मग खाते की! तक्रार काय आहे?"

"ती खात नाही. मी भरवते. तोंडाशी धरून, तिचा नेम लागेपर्यंत."

कौस्तुभनं घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता. पण धंद्यात उत्तर पटकन द्यायची सवय झाली, की माणूस प्रश्न नीट ऐकेनासा होतो. त्याचं तसं झालं होतं.

"ठीक आहे. वाद नको. आमच्याकडे बदलून मिळते, हा आमचा शब्द आहे. ही द्या, दुसरी घ्या."

त्यानं एकेका डब्याचं झाकण उघडलं. केशरी, लिंबासारखी पिवळी, सुलतानसारखी ठिपक्यांची. पिल्लं देखणी होती, खोटं कशाला बोला.

सुगंधानं सगळी बघितली. बघताना चेहरा जरा निवळलाही.

"आणि ठमीचं काय?"

"ते मी बघतो."

"काय बघता?"

"ताई..."

"काय बघणार, ते सांगा."

कौस्तुभनं बाबांकडे बघितलं. बाबा चटईची काडी उपटत होते.

"अशी जनावरं ठेवून चालत नाही, ताई. तिलाच त्रास आहे. त्रास न होता... करतात ते."

"मारतात."



सुगंधानं झाकण लावलं. चारी बाजूंनी दाबून बघितलं.

"नाही देणार."

"अहो, पण बदल्यात..."

"बदल्यात काहीच नको. ठेवा तुमची ठिपक्यांची. नाही देणार म्हटलं ना!"

तकियाच्या भिंतींनी इतका मोठा आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नसेल.

"दे, बेटी," बाबा म्हणाले.

सुगंधा गर्रकन वळली.

"तुम्हीसुद्धा?"

"दे त्याला. खरं तेच बोलतोय. ही बरी होणार नाही."

"माहीत आहे मला. डॉक्टरांनी सांगितलंय. मेंदूतलंच आहे, जन्माचं आहे."

"आयुष्यभर भरवावं लागेल."

"भरवीन."

"वर्षानुवर्षं जगतात ही जनावरं."

"जगू दे!"

"लोक म्हणतील, बाई पालीला घास भरवते. हसतील."

"तुम्हाला नव्हते हसले?"

बाबांची मिशी हलली. पण सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. म्हातारे लोक एकदा खोदायला लागले की खोदतच राहतात.

"ठिपके देखणे आहेत हिचे. उद्या कुणीतरी दारात येईल. म्हणेल, मान वाकडी असू दे, मला हिची पिल्लं हवीत. चांगलं घर असेल. चांगला माणूस असेल. मग?"

"पिल्लं होणार नाहीत."

"का?"

"मी होऊ देणार नाही. हिच्या पोटची आणखी दहा अशीच गोल गोल फिरायची, आणि दहा जणींनी माझ्यासारखं रडायचं? हे हिच्यापाशी थांबेल. मी थांबवीन. कुणीही येऊ दे दारात."



कौस्तुभ उगाचच सुलतानच्या डब्याचं झाकण चाचपत होता.

"कौस्तुभ," बाबा म्हणाले, "हिचा बाप कोण?"

"बाबा, आता ते कशाला? आपल्याकडे गिऱ्हाइकाला नर दाखवत नाहीत. सगळ्यांचीच रीत आहे ती."

"गिऱ्हाईक नाही विचारत. मी विचारतोय."

"...सुलतान."

"आण इकडे."

"प्रवासानं दमलाय तो, बाबा."

"आण."

कौस्तुभनं आणला. नाइलाजानं, पण आणला.

बाबांनी डावा हात पसरला, सुलतानला त्यावर घेतलं आणि अलगद उताणं केलं. धडधाकट लेपर्ड गेको उताणी राहतच नाही. पापणी लवायच्या आत पालथी होते. सुलताननं पाय झाडले. मान एका बाजूला वळत गेली, वळतच गेली. पाय हवा खरवडत राहिले. शेवटी बाबांनीच बोटानं त्याला सरळ केलं.

सुगंधानं ते बघितलं. ठमीला घेतल्यापासून तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. आता ती थांबली. पण बरं काही वाटलं नाही. रागच वाढला.

"तुम्हाला माहीत होतं," ती कौस्तुभला म्हणाली.

"ताई, या ठिपक्यांच्या जातीत थोडंफार असतंच. सगळ्याच पिल्लांत उतरतं असं नाही. आणि मागणी याच ठिपक्यांना आहे. मी नाही केली पैदास, तर दुसरा कुणी करील."

"दुसऱ्याच्या डब्यावर बाबांचं नाव नसतं!"

मग ती बाबांकडे वळली. कौस्तुभला वाटलं, आता ही वाकेल, पाया पडेल. तकियात भांडून झाल्यावर लोक तसंच करत.

"आणि तुम्ही, बाबा? या डब्यावर हात ठेवला होता ना?"

"ठेवला होता."

"बाप बघितला होता?"

"नाही."

"का नाही?"

 हातावरच्या सुलताननं डोळे मिटले.

"चेला माझा. त्यालाच म्हणायचं, बाप दाखव... लाज वाटली."

"मग नजर कसली ती?"

"ताई! तोंड सांभाळा!" कौस्तुभ ओरडला. "कुणाशी बोलताय, कळतंय का?"

"कळतंय म्हणूनच बोलतेय."

बाबांनी हात वर करून कौस्तुभला थांबवलं. मग सुगंधाच्या डब्याकडे बोट केलं. देऊ की नको, असं तिला क्षणभर झालं. तिनं डबा पुढे केला, पण हातातून सोडला मात्र नाही. बाबांनी नखानं चिठ्ठी उकरायला सुरुवात केली. डिंक घट्ट होता. चिठ्ठी अख्खी निघेना, तुकड्यातुकड्यानं निघाली. 'नजरेखालची' तेवढं शेवटपर्यंत चिकटून बसलं. बाबांनी तेही खरवडून काढलं. नखातून रक्त आलं तरी काढलं.

कौस्तुभ अवघडून उभा होता.

"बाबा, झालं असेल चुकून. नव्या पिल्लांवर हात ठेवा, मी निघतो. लोक वाट बघतायत."

"यात सुलतानची कुठली?"

"काही आहेत."

"वेगळी काढ."

कौस्तुभ हलला नाही. ठिपक्यांचे डबेच जास्त होते. कुणालाही दिसत होते.

बाबांनी सुलतानला त्याच्या डब्यात ठेवलं. मग दोन्ही हात कफनीच्या आत घेतले आणि बसून राहिले.

हा माणूस कुणालाही हात नाकारत नसे. कुत्र्याला नाही, तापानं फणफणलेल्याला नाही. कौस्तुभच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"तुमच्या हाताशिवायही जातील ही, बाबा. हातोहात जातील."

"जातील."

"माझ्याकडे चिठ्ठ्या छापून तयार आहेत."

"असू देत. मीही इथे बसलेलाच आहे. जो विचारील त्याला सांगीन."

"एका गिऱ्हाइकासाठी? इतकी वर्षं तुमच्या पायाशी बसलो मी!"

"बसलास... आताही बस. सुलतान इथे राहू दे."

कौस्तुभ क्षणभर घुटमळला. खरंच घुटमळला, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मग त्यानं डबे एकावर एक रचले, सुलतानचा सगळ्यांत वर ठेवला आणि तो मागे न बघता गाडीकडे गेला. गाडीचं दार धाडकन लागलं.

तकियासमोरच्या चिंचेचा पाला सळसळत राहिला. बाबा दाराकडे बघत होते. डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत.

सुगंधाला आता कसंसंच झालं. भांडायला आली होती, आणि भांडण जिंकल्यावर काय करतात ते तिला ठाऊक नव्हतं.

"मी निघते, बाबा. बोलले ते बोलले. परत घेणार नाही."

"नको घेऊस."

"पण तुम्हीही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. खात्रीची पैदास कुणाकडे, हे विचारत शहरभर फिरले मी. इथे तरी नाव मिळेल वाटलं होतं."

बाबांनी कफनीतून एक हात बाहेर काढला आणि ठमीच्या डब्यावर धरला. टेकवला मात्र नाही. सुगंधा हो म्हणते का, हे बघत थांबले.

तिनं डबा किंचित वर उचलला, इतकंच.

बाबांचा हात टेकला.

"तुझं पूर्ण नाव काय, बेटी?"

"माझं कशाला? मी पैदास करत नाही. माझ्याकडे ही एकटीच आहे."

"सांग तर. उद्या कुणी हेच, विश्वास कुणावर ठेवायचा, असं विचारत आलं, तर मी त्याला पाठवू कुणाकडे?"