आनसाचं पेव

फार फार वर्षांपूर्वी, कवठीला वेस होती आणि वेशीला दार होतं, तेव्हाची ही गोष्ट. कवठीत एकवीस पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड एवढुंसं, आणि आत उतरलं की खोलीएवढं पोट. सुगीची ज्वारी भरण्याआधी ते आतून शेणमातीनं लिंपावं लागे. ते काम एकच बाई करायची. दोरानं खाली उतरायची, घमेल्यातून माती मागवायची आणि भिंती अशा लिंपायची की सात वर्षं दाण्याला कीड लागत नसे, असं म्हणतात.

गाव तिच्या हातामुळं वर्षभर भाकरी खायचं आणि तिला नुसतं "ए" म्हणायचं. "ए, उतर." "ए, आवर." त्या गावात कुत्र्यांनासुद्धा नावं होती, मला तर याचाच राग येतो.

एका चैत्रात एकविसावं पेव लिंपून होत आलं होतं. दोर धरणाऱ्या गड्यानं रिकामं घमेलं वर ओढलं. तेवढ्यात पाटलाच्या अंगणातून पंगतीची हाळी आली. गड्यानं आत न बघताच पेवाच्या तोंडावर शिळा सरकवली, कडेनं चिखल थापला आणि जेवायला पळाला. बाई आतच! पंगतीत तिचं पान कधी मांडलेलंच नसे, त्यामुळं तिची जागा रिकामी आहे हे कुणाला कळलंही नाही.

आठ दिवस गेले. बंद पेवात माणूस घटकाभरही जगत नाही, हे कवठीचं शेंबडं पोरही सांगेल. पण जी भुई तिनं जन्मभर सारवली, त्या भुईनंच तिला आपला श्वास दिला, असं म्हणतात. पटत नसेल तर राहू द्या, पुढचं ऐका.

नवव्या दिवशी खळ्यावरची ज्वारी भरायला गाव जमलं. पहिल्या पेवात पाटी ओतली, तर ज्वारी उसळून वर आली आणि लोकांच्या अंगावर पडली. दुसऱ्या पेवात तेच. विसाव्यातही तेच. तिकडे मावळतीला वळवाचे ढग चढत होते आणि वर्षाची भाकर खळ्यावर उघडी पडली होती. मग लोकांनी एकविसाव्या पेवाची शिळा हलवली, तर आतून आवाज आला, "आली व्हय आठवन?"

गडी गर्दीत मागं सरकला. पाटलांनी दोर सोडायला लावला आणि ओरडले, "ए, ये वर!"

"ए नावाची बाई हितं न्हाई."

हे उत्तर एकवीसही पेवांतून एकदम आलं, असं म्हणतात. "माज्या नावानं बोलवा. न्हाईतर भिजू द्या ज्वारी."

कुणी "लिंपनारे" म्हणालं, कुणी तिच्या मेलेल्या सासूचं नाव घेतलं. वीस वर्षं तिच्याबरोबर एकाच ओढ्यावर पाणी भरणाऱ्या बायांनाही तिचं नाव सांगता येईना. लाजेनं माना खाली गेल्या. पाटलांनी आधी धमकावलं, मग लुगडं देऊ केलं.

"लुगडं नगं. नाव घ्या."

वारा सुटला. कडबा उडू लागला. शेवटी पाटलांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं, मातीत पालथे पडले आणि पेवात तोंड घालून म्हणाले, "बाई, तुजं नाव काय?"

"एवढं ईचारायला ढग यावं लागलं, पाटील?" ती म्हणाली. "आनसा."

"आनसा!" सगळं गाव ओरडलं.

"आनखी एकदा. मागल्या बायांचं ऐकू आलं न्हाई."

तीनदा ओरडायला लावलं तिनं, मग वर आली. त्यानंतर ओतलेली ज्वारी पेवांनी निमूट पोटात घेतली. ढग कवठीला वळसा घालून गेले, खळ्यावर थेंबही पडला नाही, असं म्हणतात. त्या दिवशी आधी आनसा जेवली आणि मग गाव.

कवठीत आता दोनच पेवं उरली आहेत, त्यातलं एक एकविसावं. पण पेवाचं तोंड झाकायचं असो की गोदामाचं शटर ओढायचं असो, आधी आत डोकं घालून विचारतात, "आनसाबाई, कुनी हाय का आत?" आणि थांबतात. गावात नवी सून आली की तिला एकविसाव्या पेवाशी नेतात. तिनं वाकून आपलं माहेरचं नाव आत ओरडायचं आणि गावानं तिला जन्मभर त्याच नावानं हाक मारायची. एखादी लाजून पुटपुटली, तर म्हाताऱ्या बाया दटावतात, "मोठ्यानं गं! पेव बहिरं न्हाई, गाव हाय."