मागची बैठक

“हजार सीसीची गाडी रोजच्या रस्त्याला चालते की नाही, एवढेच सांगा, महाराज.”

अमोघने हेल्मेट काढले नव्हते. केवळ काच वर केली होती.

त्याला मठात आणले होते त्याच्या आईने. निवृत्त मुख्याध्यापिका शरयूबाईंनीच हा तोडगा काढला होता : भैरवगिरी महाराज सांगतील ते दोघांनीही मुकाट्याने मान्य करायचे. ही नवी गाडी रोजच्या कामाची ठरली, तर जुनी स्कूटर आज संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या स्वाधीन होणार होती. न ठरली, तर स्कूटर राहणार होती; आणि तिच्याबरोबर, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायामासाठी अमोघच्या मागे बसून रुग्णालयात जाण्याची शरयूबाईंची सोयही.

निकालाविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. महाराज जन्मभर पायी हिंडलेले.

“पळते का?” महाराजांनी विचारले.

“पळते का म्हणजे? डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शंभर!”

“हळू चालते का?”

“हळूच चालायचे असते, तर म्हैस घेतली असती, महाराज.”

महाराज हसले. शरयूबाई हसल्या नाहीत.

“बाई, तुमच्या शाळेत हळू सायकलची शर्यत असे ना?”

“असे. जो सर्वांत शेवटी पोहोचेल, तो पहिला.”

“ह्याला कधी घातलेत तीत?”

“...नाही. हा धावण्याच्या शर्यतीत असे. तेथे ढाल मिळे.”

महाराज काठी टेकीत उठले.

“मी त्या पिंपळापर्यंत चालतो. आईला मागे बसव आणि माझ्यामागून ये. मला ओलांडायचे नाही. पाय टेकायचा नाही.”

मागची बैठक कमरेहून उंच आणि पोथीएवढी रुंद. शरयूबाई मठाच्या ओट्यावरून कशाबशा चढल्या. धरायला काही नव्हते. त्यांनी मुलाचे जाकीट धरले.

महाराज चालू लागले. काठी, पाऊल. काठी, पाऊल.

गाडी गुरगुरली, हिसका देऊन पुढे झाली, अडखळली. अमोघचा पाय जमिनीला लागला. मग पुन्हा लागला. क्लच दाबून दाबून त्याची बोटे थरथरू लागली. इंजिनाची धग पातळातून शरयूबाईंच्या पोटरीला झोंबत होती. आजवर कोणासमोर त्या ‘आई गं’ म्हणाल्या नव्हत्या.

पाय पुन्हा टेकला, तेव्हा पिंपळ अजून दूर होता.

“ही कसली परीक्षा?” अमोघ ओरडला. “सगळा भार मागे पडतो, महाराज. आई उतरली, तर जमेल!”

महाराज थांबले. वळले मात्र नाहीत.

“...पुन्हा म्हण.”

“आई उतरली, तर जमेल.”

शरयूबाई उतरू लागल्या. अमोघचे दोन्ही हात गाडी सावरण्यात गुंतले होते. म्हणून महाराजांनी मागे येऊन हात दिला. मग ते पुन्हा चालू लागले.

काठी, पाऊल.

अमोघ त्यांच्यामागून पिंपळापर्यंत गेला. एकदाही पाय न टेकता.

शरयूबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

महाराज परत आले. “चालते,” ते म्हणाले. “रोजच्या रस्त्याला चालते.”

“ऐकलेस ना, आई?”

“महाराज!” शरयूबाईंचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. “आणि मी?”

...

स्कूटर संध्याकाळी देऊन टाकायची, असे ठरले. अमोघने तत्काळ होकार दिला. अट शरयूबाईंची स्वतःचीच होती. म्हणून त्यांनीही दिला. तो एवढा हळू होता की त्यांना तो दुसऱ्यांदा उच्चारावा लागला.

अमोघने काच खाली केली. गाडी गर्जत गेली.

महाराजांनी आपली काठी शरयूबाईंच्या हातात ठेवली.

“त्याने तुम्हांला उतरवले, बाई. आता तुम्हीही मनाने त्याच्या मागच्या बैठकीवरून उतरा.”