चाळीस घंटा, एक आवाज

“…मग हजार दुकानांत आपलंच दुकान उठून दिसावं, तर करायचं तरी काय, बाबा?”

इमामबाबा सुपात नाचणी निवडत होते. एक खडा त्यांनी बोटांत धरून पाहिला आणि अलगद बाजूला ठेवला.

“कुठं आहे म्हणालीस दुकान?”

“फोनमध्ये.”

“मग झाडलोट तरी नसेल.”

“असते,” केतकी म्हणाली. “रोज फोटो बदलावे लागतात.”

पठारावरच्या पिराच्या पायरीवर, तिथली दिवाबत्ती पाहणाऱ्या बाबांचा सल्ला घ्यायला, ती तिसऱ्यांदा आली होती. आधीच्या दोन्ही वेळी बाबांनी तिला नुसता चहा पाजून परत पाठवलं होतं. आज मात्र ती उत्तर घेतल्याशिवाय उठणार नव्हती.

खालच्या गावात तिचे आप्पा, नामदेव ओतारी, शेळ्यांच्या गळ्यातल्या पितळी घंटा ओतत. भट्टी पणजोबांच्या वेळची. दसऱ्याला ती विझवायची आणि साखर कारखान्यावर रखवालदार म्हणून लागायचं, असं आप्पांनी ठरवलं होतं. तेवढी मुदत केतकीनं भांडून मिळवली होती. फोनवरच्या बाजारात घंटा विकून दाखवते, म्हणाली होती.

दसरा सोळा दिवसांवर आला होता.

पठारावर धुकं उतरत होतं. समोरच्या उंबराचा आधी शेंडा गेला, मग फांद्या, मग बुंधा… झाड वासापुरतं उरलं.

“आम्ही अकराव्या पानावर आहोत,” ती म्हणाली. “तिथपर्यंत कोण येतं? मी सगळा अभ्यास केलाय, बाबा. पहिल्या पानावरची घंटा कशी दिसते, कशी वाजते. हुबेहूब तशीच ओतून घेतली. एकाच साच्यातून चाळीस. एकीत आणि दुसरीत केसाइतकाही फरक नाही.”

तिनं पिशवीतून एक घंटा काढून हलवली.

टण्ण…

आवाज गोड होता. धुक्यात तो साखरेसारखा विरघळला.

“आप्पा आता कानस मारत नाहीत?” बाबांनी विचारलं.

केतकीनं हातातली घंटा उलटी करून तिचा गुळगुळीत काठ पाहिला.

पूर्वी गिऱ्हाईक त्यांच्या ओसरीवर अर्धा-अर्धा दिवस बसून राहायचं. आप्पा विचारायचे, तुझ्या शेजारी कुणाचा कळप चरतो? त्याच्या घंटा कशा वाजतात? मग घंटेच्या काठावर कानस फिरवायची, वाजवून बघायची, पुन्हा फिरवायची… समोर डोळे मिटून बसलेला माणूस ‘हां, ही माझी’ म्हणेपर्यंत.

“मीच बंद करायला लावलं,” ती म्हणाली. “एका घंटेपायी अर्धा दिवस जायचा. आणि फोटोत आवाज कुठं दिसतो?”

“नाही दिसत,” बाबांनी कबूल केलं.

“मग?”

“ऐक.”

आता पायरीसुद्धा दिसेनाशी झाली होती. सगळीकडं पांढरं, मऊ, हलतं काहीतरी. आणि त्यातून, दूरवरून…

टण्ण. टण्ण. टण्ण.

डावीकडून, उजवीकडून, जणू आकाशातूनही. केतकीनं आपल्या घंटा ओळखल्या. चाळीसपैकी तीस या पठारावरच्या लोकांनीच, आप्पांचं नाव बघून, मागवल्या होत्या. तिच्या छातीत काहीतरी फुललं. सगळं धुकंच तिच्या नावानं वाजत होतं.

मग धुक्यातून एका बाईचा आवाज आला.

“म्हाळू, तुझी जनावरं घे की बाजूला.”

“माझी कुठली?” एक पुरुष म्हणाला. “टण्ण वाजलं म्हणून धरली, तर तुझीच निघाली.”

“मग माझी कुठं हायती?”

“ती काय, टण्ण वाजत्यात ती.”

पायरीशी एक शेळी उगवली आणि तिचं शिंग धरलेली हौसाबाई. डोक्यावर पोत्याची खोळ, पदर कमरेला खोचलेला. तिनं केतकीकडं निरखून पाहिलं.

“नामू ओताऱ्याची लेक न्हवं का तू?”

“हो, मावशी.”

“पोरानं फोनवरनं मागवल्या तुझ्या घंटा. त्या म्हाळूनं बी. सगळ्या शेळ्यांचं एकच नाव ठेवलंस की गं बाई.”

“पण आवाज चांगला आहे ना?”

“लई चांगला. म्हाळूच्या शेळ्यांचा बी.”

केतकीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. कारण हौसाबाई हसत नव्हती.

“माझी एक गाभण शेळी काल सांजेपासनं दिसंना,” ती म्हणाली. “याच्या कळपात शिरली का कड्याकडं गेली… आवाजाच्या मागनं तीनदा गेले. तिन्ही येळेला दुसरीच निघाली.”

ती पुन्हा धुक्यात गेली. केतकीनं हातातल्या घंटेचा लोलक बोटानं दाबून धरला.

बाबांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यात वेळही चरायला सुटल्यासारखा असतो… आणि त्या सगळ्या टण्ण-टण्णमधून एक वेगळाच आवाज आला.

दबका. थोडा भरडा. तोंडात गुळाचा खडा ठेवून कुणी बोलावं तसा.

ही घंटा फार जुनी होती. केतकीला ती कुणाची ते माहीत नव्हतं, पण तिच्या काठावर कुणाची कानस फिरलीय ते तिनं तत्क्षणी ओळखलं. आप्पांच्या कानशीच्या त्या खरखरीवर ती लहानपणी ओसरीवर झोपी जायची.

घोंगडी पांघरलेला एक म्हातारा धुक्यातून आला. डोळे जवळजवळ मिटलेले. देवघरात जावं तसा सावकाश चालत होता. हौसाबाईच्या शेळ्यांमधून गेला, म्हाळूच्या शेळ्यांमधून गेला. एकीलाही हात लावला नाही, एकीकडंही वळून पाहिलं नाही. कळपाच्या पार टोकाला जाऊन वाकला आणि एका काळ्या शेळीच्या मानेवर त्यानं हात ठेवला.

शेळीनं मान वर केली.

दोघं आली तशी धुक्यात विरून गेली.

“ते बघतसुद्धा नव्हते, बाबा,” केतकी हळूच म्हणाली.

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

केतकीनं पिशवी खांद्याला लावली. मग उठली, चाचपडत पायऱ्या उतरली आणि आवाजाच्या रोखानं गेली. हौसाबाई एका खडकावर टेकली होती.

“मावशी, तुमच्या शेजारी कुणाचे कळप चरतात?”

“ह्यो म्हाळूचा. खाली उतरलं की वाघमोड्यांचा.”

“वाघमोड्यांच्या घंटा कशा वाजतात?”

हौसाबाईनं पोत्याखालून मान बाहेर काढली.

“आसं तुझा बाप इचारायचा,” ती म्हणाली.

“तुम्ही सांगा ना.”

हौसाबाई सांगू लागली. वाघमोड्यांची घंटा खोकल्यासारखी. पलीकडच्या वाडीची पातेल्यावर पळी आपटल्यासारखी. म्हाळूच्या आज्याची होती, ती तर रडकीच, माणसासारखी. मधेच म्हाळू येऊन म्हणाला, रडकी नव्हती, गंभीर होती. त्यावरून दोघांचं जुंपलं. केतकी फोनवर एकेक ओळ लिहून घेत होती. फोनला रेंज नव्हती.

“सगळ्या घंटा सोडून द्या माझ्याकडं,” ती म्हणाली. “आप्पांकडून एकेकीवर कानस मारून आणते. पण आधी तुमची शेळी शोधू. सगळ्यांच्या घंटा काढल्या की जी वाजेल ती तीच.”

“आन् फोनवरनं लांबनं मागवत्यात त्यांचं काय करशील?” म्हाळूनं विचारलं.

“त्यांनाही विचारीन. शेजारी कोण चरतं, ते कळवल्याशिवाय घंटा पाठवायची नाही.”

“मग कोन घेतंय तुझी घंटा,” म्हाळू म्हणाला आणि शेळीच्या गळ्यातली दोरी सोडू लागला.

एकेक घंटा पिशवीत पडू लागली. एकेक आवाज मिटत गेला. धुकं गप्प झालं… आणि कड्याच्या अलीकडं, खालच्या अंगाला, एकटीच कुणीतरी टण्ण म्हणाली.

हौसाबाई धावली.

केतकी पायरीशी परत आली, तेव्हा पिशवीच्या ओझ्यानं तिचा खांदा झुकला होता. बाबा दिसत नव्हते. फक्त सुपाचा आवाज येत होता.

“सोळाच दिवस आहेत, बाबा,” ती त्या आवाजाला म्हणाली. “आणि असं केलं तर आम्ही अकराव्याच पानावर राहू. त्या आजोबांची शेळीसुद्धा सगळ्यांत मागं होती.”

सूप थांबलं.

“होय?” धुक्यातून बाबा म्हणाले. “शेळीला ठाऊक नव्हतं ते. तिचा माणूस तर सरळ तिच्यापाशीच गेला.”